लाल सोन्याची गोष्ट

आखातातल्या मराठी माणसाला सोन्याबद्दल काही सांगायला जाणं म्हणजे काशीत जाऊन गंगेची महती गाण्यासारखं आहे. धनत्रयोदशीच्या आधी दीऱ्याच्या सोनेबाजारात आपलीच निम्मी मंडळी भेटतात, आणि एकवीस-बावीस कॅरेटचा हिशोब आपल्या वहिन्यांना तोंडपाठ असतो. पण सोनं लालही असतं, हे किती जणांना ठाऊक आहे? रोझ गोल्ड नव्हे हो, त्यात तांबं असतं. मी म्हणतोय ते शुद्ध सोनं, फक्त त्याचे कण इतके बारीक की एका मिलिमीटरच्या रांगेत पन्नास हजार मावावेत. हे कण पाण्यात असले की पाणी थेट कोकम सरबतासारखं दिसतं.

इंग्लंडच्या मायकेल फॅरेडेनं १८५७ साली रॉयल सोसायटीपुढे याच विषयावर व्याख्यान दिलं होतं. सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया करून त्यानं हे माणकाच्या रंगाचं पाणी बनवलं, आणि हा रंग कणांच्या बारीकपणामुळे येतो हे अचूक ओळखलं. त्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत. त्यामागचं गणित मात्र पुढे १९०८ मध्ये गुस्टाव मी या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलं. सोप्या भाषेत सांगायचं तर कणातले इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाच्या तालावर डोलतात आणि तो प्रकाश गिळून टाकतात. उरतो तो लाल. आता गंमत अशी, की कणाला दुसरं काही येऊन चिकटलं, किंवा दोन कण एकमेकांच्या जवळ आले, की हा ताल बदलतो आणि रंगही बदलतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी वस्तू येऊन बसल्याची वर्दी सोनं देतं!

इथे कोणीतरी सुवर्णभस्माचा विषय काढणारच. भस्मात सोन्याचे नॅनोकण सापडले आहेत, हे खरं आहे. पण म्हणून "आपल्याकडे हे आधीच होतं" असं म्हणणं मला पटत नाही. वैद्यांनी सोनं पोटात दिलं. त्याच्या रंगावरून रोग ओळखणं ही अगदी वेगळी विद्या आहे.

ती विद्या आपल्या घरात कधीच शिरली आहे. गर्भचाचणीच्या कित्येक पट्ट्यांवरची ती गुलाबी रेघ, तसंच कोविडच्या काळात आपण नाकात काडी घालून ज्या रेघेची धास्ती घेतली ती बऱ्याच पट्ट्यांवरची रेघ, सोन्याच्या कणांचीच असते. १९९६-९७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मिर्किन आणि रॉबर्ट लेट्सिंगर यांनी अशा कणांना डीएनएचे धागे बांधले. हवा तो डीएनए समोर आला की कण एकत्र येतात आणि लाल द्राव निळसर होतो. याच मिर्किन यांना २०२३ मध्ये विज्ञानाचं किंग फैसल पारितोषिक विभागून मिळालं. ते देणारी किंग फैसल फाउंडेशन म्हणजे आपल्या ओलायातला फैसलिया टॉवर जिचा आहे तीच संस्था. आपण त्या टॉवरच्या सोनेरी गोळ्याकडे बघत वर्षानुवर्षं ट्रॅफिकमध्ये उभे असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पण मला जास्त जवळची वाटते ती पवईची गोष्ट. आयआयटी मुंबईत प्रा. सौम्यो मुखर्जी, प्रा. तपनेंदू कुंडू आणि व्ही. व्ही. आर. साई यांनी २००९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दोनशे मायक्रॉनचा, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीचा, ऑप्टिकल फायबर घेतला आणि तो इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवला. फायबरमधून जाणारा प्रकाश वळणावर किंचित बाहेर डोकावतो. नेमकं तिथेच त्यांनी सोन्याचे कण बसवले आणि कणांवर प्रतिपिंडं. टोक नमुन्यात बुडवायचं. शोधायचं प्रथिन येऊन बसलं की प्रकाश जास्त गिळला जातो आणि फायबरच्या दुसऱ्या टोकाला तो कमी पोचतो. तेवढं मोजायचं. परदेशी कंपन्यांची अवजड, महागडी यंत्रं मी इथल्या प्रयोगशाळांत रोज दुरुस्त करतो. त्यामुळे एका वाकवलेल्या तंतूवर काम भागवायची ही कल्पना वाचून मी खुर्चीतून उठलोच.

त्याला कारणही तसंच होतं. माणदेशातल्या माझ्या मामांच्या छातीत एका रात्री कळ आली. रक्त तपासायला दूरच्या शहरात पाठवलं आणि ट्रोपोनिनचा रिपोर्ट आला दुसऱ्या दिवशी दुपारी. मामा वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. इकडे मी त्याच चाचणीचं यंत्र उघडून बसलेलो, आणि तिकडे ही अवस्था!

तेव्हा पवईचा तंतू मामांच्या उपयोगी पडला असता का? खरं सांगायचं तर नाही. त्या निबंधातल्या तंतूनं लिटरमागे ०.८ नॅनोमोलपर्यंत प्रतिपिंड पकडलं होतं. ट्रोपोनिनसाठी याहून शेकडो पट कमी प्रमाण पकडावं लागतं. शिवाय रक्त म्हणजे काही स्वच्छ पाणी नव्हे. त्यातली नको ती प्रथिनंसुद्धा सोन्याला चिकटतात आणि खोटी वर्दी देतात. प्रतिपिंडं उन्हाळ्यात खराब होतात, आणि माणदेशातला उन्हाळा काही रियाधला फारसा हार जाणारा नाही. शोध लागला, पेपरात छापून आलं, की आपल्याला वाटतं झालं काम. दवाखान्यातल्या टेबलावर येईपर्यंतचा रस्ता त्याहून लांब असतो, आणि त्या रस्त्यावरच्या माणसांची नावं कोणी छापत नाही.

साई पुढे आयआयटी मद्रासला प्राध्यापक झाले, पण वाकवलेला तंतू त्यांनी सोडला नाही. तिथे त्यांनी डाव उलटा मांडला. सोनं आधी तंतूवर बसवायचं नाही, तर प्रथिन सापडल्यावर त्याच्या पाठीवर चढवायचं. त्यामुळे संवेदनक्षमता पुष्कळच वाढली. २०२० मध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी याच तंतूनं लाळेतला करोना विषाणू कसा पकडता येईल याचा आराखडा प्रसिद्ध केला. मामांना फोनवर हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्या काडीला लाइट लागते का रे? आमच्याकडे रात्रीची नसते."