पगडीची खूण

आमच्या घरात भोरचं नाव दोन तऱ्हांनी घेतलं जाई. बोलणारे ‘भोर’ म्हणत. आत्याआजी आणि तिचा धाकटा भाऊ डोक्याभोवती हात फिरवून पगडी बांधून दाखवत. ही दोघं जन्मापासून बहिरी. आमची वाडी वेल्ह्याकडच्या डोंगरात. आषाढात ओढे फुगले की जगाशी संबंध तुटे. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ सालीच निघाली होती, पण तिची वार्ता या डोंगरात कुणाला नव्हती. बहीणभावाने आपसात खुणा जमवल्या आणि सगळं घर त्या शिकलं.

आजी लग्न होऊन आली, तेव्हा सासूने तिला सांगितलं, “बाई, हितं निम्मं बोलणं हातानं हुतं. त्ये आधी शिक.” भात लावताना, चुलीपुढे, गोठ्यात आजी शिकत गेली. पुढे त्या खुणांचे अर्थ तिनेच आम्हाला सांगितले.

पगडी भोरच्या राजांची, पंतसचिवांची. तोरणा-राजगडाचा मुलूख भोर संस्थानात होता, त्यामुळे राजाचं गाव ते भोर. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झालं, पण आत्याआजीच्या हातातली पगडी शेवटपर्यंत उतरली नाही. कोकणाची खूण होती जिभेला टेकवलेलं बोट, कारण तिथून मढे घाटाने डोक्यावरून मीठ वर येई. रस्ते झाले, मीठ दुकानात मिळू लागलं, पण कोकण खारटच राहिलं.

या खुणा नुसत्या नकला नव्हत्या, त्यांना क्रम होता. कोल्ह्याने कोंबडी नेली तर आत्याआजी आधी कोंबडी दाखवी, मग झडप. कोल्हा सगळ्यांना ठाऊकच असे. अमेरिकी अभ्यासक सुझन गोल्डिन-मेडो यांना बहिऱ्या मुलांनी घरातच रचलेल्या खुणांत, म्हणजे घरखुणांत, असाच क्रम आढळला: ज्याच्यावर क्रिया घडते ते आधी, क्रिया नंतर. ऐकणाऱ्या आयांच्या हातवाऱ्यांत तो तितका पक्का नव्हता. म्हणजे व्याकरण मुलांनी स्वतः रचलं.

अशा खुणांना माणसं मिळाली की त्यांची भाषा होते. निकाराग्वात १९७७ साली शाळा निघाली. घरोघरच्या खुणा घेऊन आलेल्या बहिऱ्या मुलांनी तिथे काही वर्षांत नवी भाषा घडवली. कर्नाटकातल्या अलिपूर गावाची स्वतःची सांकेतिक भाषा आहे. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर ऐकणारेही खुणांनी बोलत. तिथली ती भाषा बोलणारी शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ साली गेली. नोरा ग्रोस यांनी म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करून तो इतिहास १९८५ साली पुस्तकात आणला. आमच्या खुणांना मात्र एका घराबाहेरची माणसं मिळाली नाहीत. बहीणभाऊ गेले, पाठोपाठ आजी गेली, आणि आज आम्हाला मोजक्याच खुणा आठवतात.

भोर-वेल्ह्यात किंवा आणखी कुठे तुमच्या घरी असं बोलणारं कुणी असेल, तर त्यांना विचारून त्यांच्या खुणा मोबाइलवर टिपून घ्या. कोणती खूण कशावरून आली, हे जाणत्यांकडून वदवून घ्या. आणि घरात बहिरं मूल असेल तर घरखुणांवर थांबू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला मान्यता दिली आहे. मुलाला भारतीय सांकेतिक भाषा लहानपणीच शिकवा, तुम्हीही शिका. घराबाहेरही त्याच्याशी बोलणारी माणसं असायला हवीत. तो त्याचा हक्क आहे.