सात मते आणि काही पत्रके

लंडनच्या पूर्व भागातल्या मिलवॉल प्रभागात १६ सप्टेंबर १९९३ रोजी पोटनिवडणूक झाली. जागा एकच, तीही स्थानिक परिषदेची. ब्रिटिश नॅशनल पार्टीच्या डेरेक बीकन यांना १४८० मते पडली, मजूर पक्षाला १४७३ आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाला १२८४. गोऱ्यांच्या हक्कांची उघड भाषा बोलणाऱ्या त्या पक्षाने परिषदेत जिंकलेली ही पहिलीच जागा. सात मतांनी जिंकलेली, म्हणून ती अधिकच बोचली. या निकालाविषयी लिहिणारे बहुतेक बीकन यांच्यापासून सुरुवात करतात. मला मात्र त्याआधीच्या सात वर्षांत दाराच्या फटीतून घराघरांत सरकवली गेलेली पत्रके अधिक महत्त्वाची वाटतात. ती बीकन यांच्या पक्षाची नव्हती.

मिलवॉल हा टॉवर हॅम्लेट्स या बरोचा भाग. बरो म्हणजे आपल्या महानगरपालिकेसारखीच स्वतंत्र कारभार असलेली संस्था. इथल्या गोद्या १९८० मध्ये बंद पडल्या आणि पिढ्यानपिढ्या गोदीवर जगलेली गोरी कष्टकरी कुटुंबे बेकार झाली. त्याच गोद्यांच्या जागी पुढे कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे उभे राहिले. बरोच्या दुसऱ्या टोकाला, स्पिटलफील्ड्सच्या बाजूला, सिल्हेटहून आलेली बांगलादेशी कुटुंबे एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होती. दोघांनाही हवे होते ते एकच : परिषदेच्या मालकीचे भाड्याचे घर. अशी घरे कमी होती, आणि सरकारी धोरणामुळे ती विकली जाऊन आणखी कमी होत होती.

१९८६ मध्ये लिबरल पक्षाने मजूर पक्षाकडून परिषद जिंकली. त्यांनी बरोचे सात विभाग करून कारभार विभागवार वाटला. कल्पना वाईट नव्हती. पण त्याबरोबरच ‘सन्स अँड डॉटर्स’ ही योजना आली : इथेच वाढलेल्या भाडेकरूंच्या मुलामुलींना घरवाटपात अग्रक्रम. आपल्याला ‘भूमिपुत्र’ हा शब्द चांगला परिचयाचा आहे, त्यामुळे अधिक सांगायला नको. नियमात वर्णाचा उल्लेख नसला तरी त्याचा फायदा कोणाला होणार हे दोन्ही बाजूंना समजत होते. मायदेशातले घर सोडून आलेली बांगलादेशी कुटुंबे ‘स्वतःहून बेघर’ झाली आहेत, असाही पवित्रा परिषदेने १९८७ मध्ये घेतला.

१९९० च्या निवडणुकीत यापुढची पायरी गाठली गेली. लिबरलांच्या गोटातून मजूर पक्षाचेच वाटावे असे पत्रक वाटले गेले. प्रतिस्पर्ध्यावर टीका करण्याऐवजी त्याच्याच तोंडी नको ते घालायचे, अशी ही युक्ती. प्रकरण निवडणूक न्यायालयात गेले आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयात पोहोचले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : पत्रक फसवे आहे, पण अमुक एका मतदाराला त्यामुळे मुक्तपणे मत देता आले नाही, हे सिद्ध झालेले नाही. याचिका टिकली नाही. हा निकाल वाचताना मला दर वेळी प्रश्न पडतो की, आपण फसलो हेच ज्याला कळलेले नाही, तो साक्षीला येणार कसा?

१९९३ पर्यंत मिलवॉलमध्ये बेटावरची घरे बेटावरच्यांनाच, हा सूर नेहमीचा झाला होता. (टेम्स नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या या भागाला स्थानिक लोक बेटच म्हणतात.) बीकन यांना नवे काही सांगावे लागलेच नाही. एका प्रतिष्ठित पक्षाने जी तक्रार रास्त ठरवली होती, तीच त्यांनी अधिक मोठ्याने सांगितली. मजूर पक्षाचेही हात स्वच्छ नव्हते. लिबरल मतदार घाबरून आपल्याकडे यावेत म्हणून बीकन विजयाच्या जवळ असल्याचे घरोघरच्या फेरीतले आकडे त्यांच्या गोटातून फोडले गेले. परिणाम उलटा झाला. बीकन यांना दिलेले मत वाया जाणार नाही, एवढेच लोकांना त्यातून कळले.

लिबरल डेमोक्रॅट पक्षाने लॉर्ड लेस्टर या नामवंत कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या अहवालाने स्वपक्षीयांच्या पत्रकांवर वर्णद्वेषाला खतपाणी घातल्याचा ठपका ठेवला. मे १९९४ मध्ये बीकन हरले आणि लिबरलांनी परिषदही गमावली. पण बीकन यांची मते १४८० वरून २०४१ वर गेली होती. पराभवाच्या आनंदात हा आकडा अनेकांच्या नजरेतून सुटतो.

मग कायदा कुठे होता? उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटे विधान करणे हा इंग्लंडमध्ये १८९५ पासून निवडणूक अपराध आहे. १९११ मध्ये ही तरतूद नगरपालिकांना लागू झाली आणि आज ती १९८३ च्या कायद्यात कलम १०६ म्हणून आहे. हेच तत्त्व १९२० मध्ये आपल्या दंडसंहितेत १७१-जी या कलमाने आले. शिक्षा फक्त दंडाची. नव्या न्यायसंहितेत कलमाचा क्रमांक १७५ झाला, शिक्षा तीच राहिली. दोन्हीकडे संरक्षण आहे ते उमेदवाराच्या नावाला. ‘यांच्यामुळे तुमचे घर गेले’ असे एखाद्या समाजाविषयी सभ्य भाषेत छापले, तर या कलमांत त्याला जागाच नाही. वर्णद्वेष चिथावण्याविरुद्धचा ब्रिटिश कायदाही धमकीच्या किंवा शिवीगाळीच्या भाषेसाठी आहे. टॉवर हॅम्लेट्सची पत्रके शिवीगाळ करत नव्हती. ती नागरी समस्यांवर बोलत होती.

याची दुसरी बाजू त्याच बरोमध्ये २०१४ साली दिसली. तोवर बांगलादेशी समाज तिथल्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आला होता आणि लुत्फुर रहमान थेट निवडून आलेले महापौर होते. मजूर पक्षाचे जॉन बिग्ज यांचा त्यांनी पराभव केला. प्रचारात बिग्ज यांना वर्णद्वेषी ठरवले गेले होते. चार मतदारांनी याचिका केली. २३ एप्रिल २०१५ रोजी निवडणूक न्यायाधीश रिचर्ड मॉवरी यांनी निवडणूक रद्द केली आणि रहमान यांना पाच वर्षे अपात्र ठरवले. लाचलुचपत, धार्मिक दडपण अशा इतर ठपक्यांबरोबर कलम १०६ चा भंगही होता. रहमान यांनी सारे आरोप नाकारले. त्यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही.

एका माणसाला खोटेपणाने वर्णद्वेषी म्हटले, तेव्हा कायदा धावून आला. एका समाजाला घरे बळकावणारा ठरवले, तेव्हा तो आला नव्हता. मॉवरी यांचा निकाल मला चुकीचा वाटत नाही. पण ज्या कुटुंबांनी १९९० ची पत्रके आपल्याच दारात वाचली, त्यांच्या मुलांना हे दोन निकाल शेजारी ठेवून काय वाटले असेल, हा विचार सुटत नाही. मे २०२२ मध्ये अपात्रतेची मुदत संपलेले रहमान पुन्हा उभे राहिले आणि त्याच बिग्ज यांना हरवून महापौर झाले.