कॅरिअरवरून मागच्या सीटवर

मोटारीतील पसारा आवरणे हा विषय आपल्याकडे रविवारच्या पुरवण्यांतील 'सोप्या युक्त्यां'च्या स्वाधीन झालेला आहे. त्यात इतिहास शोधणे कुणाला अतिरेकी वाटेल. परंतु ज्या कप्प्यांत हा पसारा आपण कोंबू पाहतो, त्यांची नावे तपासली तरी ते कप्पे आपल्यासाठी घडलेलेच नव्हते, हे ध्यानात येते. डॅशबोर्ड म्हणजे घोडागाडीच्या पुढची फळी; टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये, एवढेच तिचे काम. 'डिकी' म्हणजे गाडीच्या पाठीमागचे नोकराचे उघडे आसन. सुरुवातीच्या मोटारींत ते घडीचे आसन म्हणून टिकले, मग आसन गेले, नोकर गेला आणि आपल्या बोलण्यात तो शब्द सामानाच्या कप्प्याला चिकटून राहिला. समोरचा लहान कप्पा तर मुळात हातमोज्यांचा! मराठी माणसाने त्यात गाडीची कागदपत्रे, अंगारा, सुटे पैसे आणि बडीशेप ठेवली.

बैलगाडीत असा घोटाळा नव्हता. वंगणाचे नळकांडे साटीखाली टांगलेले, कडबा खाली आणि त्यावर घोंगडे. मोटार मात्र आपल्याकडे आयती आली आणि तिच्या पोटात आपल्या वस्तूंनी जमेल तशी जागा शोधली.

या शोधाचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत सापडतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून ती 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. तिला प्रशस्त डिकी होती. पण शतक पालटताना प्रदूषणाच्या प्रश्नावरून टॅक्सी सीएनजीकडे वळल्या आणि वायूची टाकी बसली ती नेमकी डिकीत. छपरावरचा कॅरिअर आधीही होताच. आता तो अपरिहार्य झाला. वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या पेट्या दोरीने आवळून वर चढल्या. मुंबईची चित्रे काढणाऱ्यांना हा कॅरिअर शोभेचा वाटतो. वस्तुतः इंधनाने हिसकावलेल्या जागेची ती भरपाई होती. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिच्यासोबत एक व्यवस्थाही उतरली: माणसे आत, ओझे वर.

खासगी मोटारींत ही व्यवस्था त्याआधीच मोडली होती. जुन्या मोटारींच्या छपराला कडेने पन्हळ असे आणि कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत आवळले जात. नव्या बांधणीत पन्हळ गेली, कॅरिअरला पाय रोवायला जागा उरली नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० अवतरली आणि डिकी व बैठक यांच्यातली पत्र्याची भिंतही गेली. सामान आणि माणसे एकाच खोलीत राहू लागली.

खारघरसारख्या वसाहतीत हे विशेष जाणवते. सिडकोच्या या सेक्टरांत राहणारी बरीच कुटुंबे कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून आलेली. शेजारच्या कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग सुरू होतो. २००२ पासून तो पुण्यापर्यंत सलग आहे. गावाकडून परतणाऱ्या मोटारीत तांदळाचे पोते, नारळ, फणस, लोणच्याची बरणी असणारच. कंपनीनेच सीएनजी बसवून दिलेल्या मोटारीत टाकीने डिकी व्यापलेली, वर कॅरिअर नाही. मग हे सारे कुठे जाणार? २०२३ मध्ये टाटांनी अल्ट्रोझमध्ये एका थोरल्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, ती याच अडचणीची कबुली म्हणावी लागेल. इतर असंख्य मोटारींत ओझे मागच्या सीटवर येते आणि सदनिकेत माळा नसल्याने त्यातले काही तिथेच मुक्कामाला राहते.

या मुक्कामी वस्तूंचे थर वाचता येतात. टोलच्या पावत्या तळाशी, कारण फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला; पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीसह मुंबईच्या वेशीवरील पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोलच माफ झाला. कागदपत्रांची फुगलेली फाईल २०१८ पासून अनावश्यक ठरली आहे, मोबाइलमधील डिजिलॉकर चालतो. करोनाकाळातील मुखपट्ट्या मधल्या थरात सापडतात. नेमाड्यांनी 'हिंदू'च्या (२०१०) उपशीर्षकात अडगळीला 'समृद्ध' म्हटले ते मान्यच. परंतु घरातली अडगळ जागच्या जागी असते, मोटारीतली ताशी शंभर किलोमीटरने धावत असते. ब्रेक दाबला की गाडी थांबते, वस्तू थांबत नाही.

म्हणून हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा राहत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री व जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघेही मागे बसलेले, पट्टा न लावलेले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्या प्रवाशांच्या पट्ट्याची सक्ती अमलात आणली गेली. नियम मात्र त्याआधीपासूनच होता. तो पाळला का जात नाही, याचे एक उत्तर मागच्या सीटवरच पडलेले असते. पट्ट्याचे खटके हौसेच्या सीटकव्हराखाली गेलेले असतात आणि कव्हरावर पिशव्या. चार वर्षांच्या मोटारीत ते खटके एकदाही वर आलेले नाहीत, अशी उदाहरणे प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत.

आवरायचेच तर सुरुवात डबे, जाळ्या, खण विकत घेण्यापासून करू नये. आधी खटके वर काढावेत. चालकाच्या पायापाशी घरंगळणारी पाण्याची बाटली उचलावी, ती ब्रेकच्या पट्टीखाली अडकू शकते. डावीकडच्या डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावरच चिकटवलेली मूर्ती, श्रद्धेला धक्का न लावता, बाजूला हलवावी. तांदळाचे पोते टाकीपुढे उरलेल्या जागेत, सीटच्या पाठीला टेकवून बसते. फणस सीटखालच्या तळावर. नारळांच्या पिशवीचे तोंड मात्र घट्ट बांधावे.