उंबऱ्याखालची वाफ

सुरतेतल्या जुन्या मराठी घरांना आग आणि पूर नवे नाहीत. १८३७ची आग आपण पूर्वजांकडून ऐकली, २००६चा तापीचा पूर आपण स्वतः भोगला. आज मी एका मुक्या संकटाचा इतिहास सांगणार आहे.

अमेरिकेतल्या नायगरा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल हा अर्धवट खणलेला कालवा होता. १९४२पासून हुकर कंपनीने त्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि १९५३ साली ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. तिथे शाळा झाली, भोवती घरे झाली. पुढे पावसाळी वर्षांत रसायने तळघरांत झिरपली, हवेतही उतरली. लुईस गिब्ज या गृहिणीने दारोदार फिरून आजारांची नोंद केली. ऑगस्ट १९७८मध्ये आणीबाणी जाहीर झाली, कुटुंबे हलवली गेली. १९८०मध्ये अशा जागांच्या सफाईसाठी कायदा झाला.

हे घडते कसे? ड्रायक्लीनिंगचे द्रावण, पेट्रोल, कारखान्यातले सॉल्व्हंट जमिनीत मुरून भूजलापर्यंत जातात. त्यांची वाफ मातीच्या पोकळ्यांतून वर चढते आणि फरशीच्या भेगांतून, नळाच्या फटींतून आत येते. घरातली हवा तापून वर गेली की घरच ती वाफ खालून ओढून घेते. प्रमाण थोडे असेल तर वासही येत नाही.

आपल्याकडे ६ जानेवारी २०२२च्या पहाटे सचिन जीआयडीसीत टँकरमधले रसायन नाल्यात सोडले गेले. त्यातून उठलेल्या वायूने ६ कामगार गेले, वीसहून अधिक रुग्णालयात पोहोचले. ती वाफ उघड्या नाल्यातली, म्हणून तासाभरात कळली. तेच रसायन मातीत जिरले असते तर?

हानेमानने ‘ऑर्गेनॉन’मध्ये वैद्याला बजावले आहे, की उग्र वासाच्या फुलांनी रोगी बेजार असेल तर आधी फुले खोलीबाहेर काढा. म्हणून सकाळी घरात डोके दुखते आणि गावी गेल्यावर थांबते असे कोणी सांगितले, की मी गोळ्यांआधी घराची चौकशी करतो.

आम्हा जैनांत ‘जयणा’ हा शब्द आहे: न दिसणाऱ्या जिवालाही जपून वागणे. तुम्हीही घर घेताना सात-बारा पाहता, तसे तिथे पूर्वी काय होते हेही विचारा. भेगा बुजवा, तळमजल्याच्या खिडक्या उघड्या ठेवा. जमीन विसरत नाही. आपणही विसरू नये.