क्लॅमिडोमोनस : वऱ्हाडातील अधिवास व संशोधनाचा इतिहास

गोड्या पाण्यात व दमट मातीत आढळणाऱ्या एककोशिक हरित शैवलांचा एक वंश. क्रिस्टियान एरेनबेर्क या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये त्याचे वर्णन केले. कोशिका सु. १०–२० मायक्रॉन लांब असून तिच्या पुढच्या टोकास दोन प्रकेसले (चाबकासारखे तंतू), आत पेल्याच्या आकाराचा एकच हरितकणू आणि त्याच्या कडेला नारिंगी नेत्रबिंदू असतो.

अमरावती व अकोला जिल्ह्यांत बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि त्यात भरलेली डबकी उन्हाळ्यात आटून काळ्या मातीला भेगा पडतात. असा अधिवास या शैवलाच्या जीवनक्रमास मानवतो. पाणी व पोषण विपुल असेतो कोशिका अलिंग रीतीने विभागतात. नायट्रोजनाची उणीव भासताच गंतुके (लैंगिक कोशिका) बनतात व दोन विरुद्ध प्रकारच्या गंतुकांचा संयोग होऊन जाड भित्तीचे रंदुक तयार होते. ते शुष्कता सोसते आणि पुन्हा ओल मिळाली की न्यूनीकरण विभाजनाने बहुधा चार नव्या कोशिका देते. हिरवे पाणी दिसले की ते याच शैवलाचे, असे मात्र समजू नये. लोणार सरोवराचा हिरवेपणा मुख्यतः नील-हरित शैवलांचा आहे. ना. द. कामत यांचा विदर्भातील शैवलांवरील निबंध १९७५ मध्ये मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रंदुकापासून निघालेल्या चारही कोशिका वेगळ्या वाढविता येतात आणि त्या एकगुणित असल्याने प्रत्येक जनुकाचा परिणाम लगेच दिसतो. आनुवंशिकीविज्ञांना हे शैवल मोलाचे वाटले ते यामुळेच. आरंभ मात्र दुर्दैवी झाला. फ्रान्ट्स मोव्हुस यांनी १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत या शैवलाच्या लैंगिकतेविषयी चकित करणारे निष्कर्ष मांडले. त्यांतील आकडे संभाव्यतेच्या मानाने फारच नेमके जुळतात, असे उर्सुला फिलिप व जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३९ मध्ये दाखविले (हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले). फ्रॅन्सिस रायन यांनी मोव्हुस यांना न्यूयॉर्क येथील आपल्या प्रयोगशाळेत बोलावून प्रयोग करविले. ते साधले नाहीत व रायन यांनी १९५५ मध्ये तसे जाहीर केले. एका माणसाच्या आकड्यांपायी सबंध विषयच काही काळ संशयास्पद ठरला. तो सावरला तो गिल्बर्ट स्मिथ यांनी १९४५ मध्ये मॅसॅचूसेट्समधील मातीतून वेगळ्या केलेल्या क्लॅ. राइनहार्टाय या जातीच्या वाणांमुळे. त्यांवरच रूथ सेजर यांनी १९५४ मध्ये प्रकलाबाहेरील आनुवंशिकतेचा पुरावा दिला.

शैवल प्रकाशाकडे वळते ते ऱ्होडॉप्सिन या प्रथिनामुळे, असे केनेथ फॉस्टर व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखविले; आपल्या दृष्टिपटलातील प्रकाशग्राही प्रथिनेही याच प्रकारची आहेत. शैवलातील ही प्रथिने प्रकाश पडताच आयनांना वाट देतात, हे २००२–०३ मध्ये कळले. क्लॅ. नॉक्टिगॅमा या जातीतील अशा प्रथिनात फेरफार करून त्याचे जनुक एका अंध व्यक्तीच्या दृष्टिपटलात घातले गेले. खास चष्मा लावून त्या व्यक्तीस टेबलावरील वस्तू शोधता व मोजता आल्या, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.