कमांडारियाचे बेट

सायप्रसला जायचे, तर पहिला मुक्काम लिमासोलला करावा, असा माझा बेत आहे. ११९१ साली सिंहहृदयी रिचर्डने हे बेट जिंकले आणि त्याच वर्षी टेंपलर सरदारांना विकून टाकले. पुढे हॉस्पिटलर पंथाच्या सरदारांनी जवळच कोलोसीला ठाणे मांडले. अशा ठाण्याला ‘कमांडरी’ म्हणत. त्यावरून तेथील गोड द्राक्षमद्य ‘कमांडारिया’ झाले.

१५७१ मध्ये तुर्कांनी बेट घेतले, १८७८ मध्ये इंग्रज आले. १९६० साली ते स्वतंत्र झाले. सरदार गेले, नाव मात्र त्यांचेच राहिले. ट्रूडोसच्या उतारावरील चौदा गावांत आजही द्राक्षे आधी उन्हात वाळवतात, मगच रस काढतात. ती वाळवणाऱ्या शेतकऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. म्हणून मी सप्टेंबरात जाणार. पेला ओठी लावण्याआधी ते वाळवण पाहणार.