जिनोआची सोडत व पैजेचा ठरीव भाव

सोडत एका नगरांत निघावी आणि तिच्यावर पैज दुसऱ्याच राज्यांत लागावी, हा प्रकार नवा नव्हे. त्याचें मूळ इटलींतील जिनोआ नगरींत सांपडतें. १५२८ सालीं आन्द्रेआ दोरिया यानें त्या प्रजासत्ताकाची घटना नव्यानें बांधली. राज्यसभेंतील जागा भरण्यासाठीं निवडक सरदारांचीं नांवें एका पात्रांत घालून त्यांतून पांच चिठ्ठ्या काढण्याची रीत पुढें तेथें रूढ झाली. कोणाचें नांव निघेल, यावर नागरिक पैजा मारूं लागले. कालांतरानें नांवें गेलीं व त्यांच्या जागीं १ ते ९० हे आंकडे आले.

या पैजेंत व साध्या सोडतींत मोठा भेद आहे. साध्या सोडतींत जमलेल्या पैशांतूनच बक्षिसें वांटावयाचीं असतात. येथें भाव आधींच ठरलेला; गल्ल्यांत कांहीं जमो वा न जमो, जिंकणाऱ्यास ठरलेली रक्कम द्यावीच लागते. म्हणून एकाच आंकड्यावर फार पैसा चढूं नये, ही काळजी चालकास वाहावी लागे. परंतु सोडत स्वतः काढण्याची त्यास गरज नसे; दूरच्या नगराचा निकाल कळला कीं काम भागे. त्यामुळें जिनोआच्या आंकड्यांवर इतर राज्यांतही पैजा लागूं लागल्या व प्रजेचा पैसा सीमेपलीकडे वाहूं लागला.

रोम येथें पोप तेरावे बेनेडिक्ट यांनीं धर्मबहिष्काराचा धाक घालून हें द्यूत बंद केलें. त्यांच्यामागून आलेल्या बाराव्या क्लेमेंट यांनीं १७३१ सालीं तें पुन्हां खुलें केलें; त्याच्या उत्पन्नांतून त्रेवीच्या प्रसिद्ध कारंज्यास साहाय्य झालें. जें पाप म्हणून वर्ज्य ठरलें होतें, तेंच तिजोरीचें साधन झालें.

१७५८ सालीं पॅरिसमध्यें लष्करी विद्यालयासाठीं हीच पद्धत सुरू झाली. तिच्या पुरस्कर्त्यांत काल्साबिगी बंधूंसह कासानोवा होता. पुढें ती फ्रान्सची सरकारी सोडत बनली. तिचे भाव पाहण्यासारखे आहेत. नव्वदांतून पांच आंकडे निघत. म्हणजे एक आंकडा लावणाऱ्याचा अठरा वेळांत सरासरीनें एकदां जय होई, आणि त्यास पंधरा पट मिळे. अठरा घालवून पंधरा परत! दोन आंकड्यांची जोडी सुमारें ४०० वेळांत एकदां जुळे. मोबदला २७० पट. तीन आंकडे ११,७४८ वेळांत एकदां. मोबदला ५,५०० पट, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आशा जितकी मोठी, तितका तोटा मोठा.

हा तोटा विशेषेंकरून गरिबांच्या माथीं बसे. १७८९ सालीं तालेराँ यानें या सोडतींविरुद्ध पुस्तिका लिहिली. १७९३ सालीं क्रांतिकारकांनीं सोडत बंद केली. पण रिकाम्या खजिन्यासाठीं १७९७ सालीं ती पुन्हां उघडली. अखेर १८३६ सालीं ती कायमची थांबली. तोंवर अनेक राजवटी आल्या व गेल्या. अठरास पंधरा हा भाव मात्र लहान माणसाच्या खिशांतून आपला वाटा नियमानें उचलीत राहिला.